रुमालाची गाठ आणि दोन जीबीची भिंत

१/
लग्नसराई सरली की जालन्यातील कोणत्याही फोटो स्टुडिओत हा प्रसंग घडतो. वधूपिता ३२ जीबीचा नवाकोरा पेनड्राइव्ह घेऊन येतो. लग्नाची चित्रफीत ६ जीबीची आणि पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा. तरीही संगणक नकार देतो : ‘या ठिकाणासाठी फाइल फार मोठी आहे.’ स्टुडिओवाला सरावाने फीत दोन तुकड्यांत कापतो. अक्षता पहिल्या तुकड्यात येतात, पाठवणी दुसऱ्यात. वधूपिता समाधानाने घरी जातो; प्रश्न मात्र मागे उरतो. जागा शिल्लक असताना वस्तू का मावली नाही?

२/
जागा असणे आणि ती जागा मोजता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पेनड्राइव्हवर बहुधा असते ती फॅट-३२ नावाची फाइल सिस्टीम १९९६ च्या सुमारास विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. तिच्या नोंदवहीत प्रत्येक फाइलची लांबी लिहिण्यासाठी ३२ बिटांचा एक रकाना आहे. त्या रकान्यात लिहिता येणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. पुढचा आकडा लिहायला रकान्यात घरच नाही.

३/
मोंढ्यातील आडत दुकानाची जुनी खातेवही डोळ्यांसमोर आणावी. रकमेच्या रकान्यात छापील सात घरे असतील, तर ९९,९९,९९९ रुपयांपर्यंत मुनीमजी निर्धास्त. त्यापुढचा एक रुपया आला की एकतर रेघेबाहेर लिहायचे किंवा डावीकडचा आकडा गाळायचा. तिजोरीत कोट्यवधी मावत असले तरी वही लाखांपाशीच थांबते. ‘जालना सोने का पालना’ अशी ख्याती असलेल्या शहराला हे निराळे सांगायला नको.

४/
कागदाच्या जगातही मर्यादा अशाच आडबाजूने येत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कोट्यवधी कागद हजारो रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे चौकोनी कापड; चार टोके उचलून गाठ मारली की दफ्तराचा एक घटक तयार. एका रुमालात किती कागद ठेवायचे हे कोणत्याही हुकुमाने ठरत नव्हते. गाठ बसेल तेवढे, हाच नियम. गाठ बसेनाशी झाली की दुसरा रुमाल उघडायचा आणि एकाच प्रकरणाचे कागद दोन ठिकाणी जायचे.

५/
निजामाच्या मुलखात याच गठ्ठ्याला बस्ता म्हणत. फारसीत ‘बस्ता’ म्हणजे बांधलेले. मराठवाड्यात लग्नाच्या कपड्यांच्या खरेदीलाही ‘बस्ता’ म्हणतात, कारण तेही बांधूनच आणायचे. आणि गंमत अशी की ‘फाइल’ हा शब्द लॅटिनमधील ‘फिलम’ म्हणजे दोरा यावरून आला आहे; युरोपात कागद दोऱ्यात ओवून ठेवत. म्हणजे शब्द दोन्हीकडचे बांधण्याचेच. किती बांधता येईल, हा प्रश्न त्यांच्या पोटातच आहे.

६/
आता संगणकाकडे. सत्तरच्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवले. १९७५ मधील त्याच्या सहाव्या आवृत्तीत फाइलच्या लांबीचा रकाना २४ बिटांचा होता. कमाल लांबी १,६७,७७,२१५ बाइट, म्हणजे १६ एमबीला एक बाइट कमी. आज मोबाइलने काढलेली दोन-चार छायाचित्रे तेवढी जागा खातात. त्या काळात मात्र आख्खी डिस्कच काही एमबींची असे, त्यामुळे कोणाचे काही अडले नाही.

७/
त्याहून अवघड गोष्ट वाचण्याची. फाइलमध्ये अमुक ठिकाणी जा, असे सांगणारी आज्ञा होती ‘सीक’. ठिकाणाचा आकडा १६ बिटांत द्यायचा असे, त्यामुळे ६५,५३५ च्या पुढे बोट ठेवता येत नसे. उपाय काढला तो असा : दूरच्या ठिकाणी आधी ५१२-५१२ बाइटांच्या ढांगा टाकत जायचे आणि मग उरलेली पावले मोजायची. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘एलसीक’ आली. त्यातला ‘एल’ म्हणजे ‘लाँग’, ३२ बिटांचा लांब आकडा. आजही लिनक्समध्ये या आज्ञेचे नाव तेच आहे. त्या जुन्या अडचणीची खूण नावात राहून गेली.

८/
सातव्या आवृत्तीची रचना पाहण्याजोगी आहे, कारण पुढची तीस वर्षे तीच चालली. प्रत्येक फाइलमागे ‘आयनोड’ नावाची एक नोंद. तिच्यात १३ पत्ते. पहिले १० पत्ते थेट मजकुराच्या तुकड्यांचे. अकरावा पत्ता अशा तुकड्याचा, ज्यात आणखी १२८ पत्ते लिहिलेले. बारावा १२८ याद्यांच्या यादीचा. तेरावा त्याच्याही वरच्या यादीचा. गावाची यादी तलाठ्याकडे, तलाठ्यांची मंडळाकडे, मंडळांची तहसिलात, अशी ही उतरंड. ५१२ बाइटांच्या तुकड्यांनी हिशेब केला तर १,०८,२२,०१,०८८ बाइट येतात, म्हणजे १ जीबीपेक्षा किंचित अधिक.

९/
३२ बिटांच्या आकड्यातही एक बिट हातचे जाते. ‘एलसीक’ मागेही जाऊ शकते, म्हणून आकड्याला उणे-अधिक चिन्ह लागते. शिवाय चूक झाली तर ती उणे एक उत्तर देते. चिन्हासाठी एक बिट दिला की उरतात ३१. कमाल आकडा २,१४,७४,८३,६४७. हीच ती प्रसिद्ध २ जीबीची भिंत. ती डिस्कच्या लोखंडात नव्हती; ‘मागे वळून पाहता आले पाहिजे’ या सोयीची ती किंमत होती.

१०/
१९९१ मध्ये हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स कर्नेल लिहायला घेतले. कर्नेल म्हणजे यंत्र आणि आज्ञावली यांच्यामधला कारभारी. डिस्कवर कोठे काय लिहायचे ते तो ठरवतो. आरंभी त्याने मिनिक्सची फाइल सिस्टीम उचलली. तिची मर्यादा होती ६४ एमबी, आणि फाइलचे नाव १४ अक्षरांचे. एप्रिल १९९२ मध्ये रेमी कार याने ‘एक्स्ट’ ही लिनक्सची स्वतःची फाइल सिस्टीम दिली. तिची मर्यादा २ जीबी. जानेवारी १९९३ मध्ये ‘एक्स्ट-२’ आली. पूर्ण फाइल सिस्टीम ४ टीबीपर्यंत, पण एक फाइल मात्र २ जीबीच. कोठार मोठे झाले, पोते तेवढेच राहिले.

११/
ही भिंत टोचू लागली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यास. बँकांचे डेटाबेस, चित्रफिती, भूगर्भातील लहरींची मापने : सगळे दोन जीबींना टेकू लागले. युनिक्स विकणाऱ्या कंपन्या एकत्र बसल्या. त्या बैठकींना ‘लार्ज फाइल समिट’ म्हणतात. १९९६ मध्ये तिचा प्रस्ताव पुढे आला. वरवर पाहता उत्तर सोपे होते : ३२ बिटांऐवजी ६४ बिटांचा आकडा वापरा. परंतु तोवर जगात लाखो आज्ञावली ३२ बिटांवर बेतून तयार झालेल्या होत्या. त्या रातोरात बदलणार कोण?

१२/
येथे त्या मंडळींनी घेतलेला एक निर्णय इतिहासाच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. जुन्या आज्ञावलीने २ जीबीहून मोठी फाइल उघडायचा प्रयत्न केला तर काय करावे? एक मार्ग असा की उघडू द्यावी, तिला समजेल तेवढे ती वाचेल. समिटने तो नाकारला. आपल्याला मोठे आकडे कळतात असे ज्या आज्ञावलीने आधी स्पष्टपणे सांगितलेले नाही, तिला फाइल उघडूच द्यायची नाही. कर्नेल चूक दाखवते : ‘आकडा रकान्यात मावत नाही.’

१३/
वापरणाऱ्याला हा हटवादीपणा वाटतो. परंतु जी आज्ञावली फाइलची लांबी चुकीची समजते ती तेवढ्यावर थांबत नाही. तिने फाइलची नक्कल केली तर नक्कल अर्धी होते आणि पूर्ण असल्यासारखी दिसते. तिने शेवटी ओळ जोडायला घेतली तर ‘शेवट’ भलत्याच ठिकाणी सापडतो आणि आधीच्या मजकुरावर नवा मजकूर चढतो. नकार तरी दिसतो. अर्धी नक्कल दिसत नाही. दफ्तरखान्यात काम केलेल्या कोणालाही फाटलेल्या पानापेक्षा न सांगता गळलेल्या पानाची धास्ती अधिक असते.

१४/
लिनक्सच्या साध्या ३२ बिटांच्या यंत्रांवर हे सामर्थ्य आले ते कर्नेलच्या २.४ आवृत्तीत, जानेवारी २००१ मध्ये. एक्स्ट-२ च्या आयनोडमध्ये लांबीचा रकाना मात्र छापून झालेला होता, ३२ बिटांचा. तो रुंद करायचा तर जगातील प्रत्येक डिस्क नव्याने लिहावी लागली असती. मग शोध सुरू झाला रिकाम्या रकान्याचा.

१५/
तो सापडलाही. आयनोडमध्ये एक जागा केवळ डिरेक्टरींच्या परवानग्यांसाठी राखलेली होती. साध्या फाइलींना तिचा काही उपयोग नव्हता. साध्या फाइलीपुरते त्या जागेत लांबीचे वरचे ३२ बिट लिहायचे ठरले. महसुली कागद पाहिलेल्यांना ही युक्ती नवी नाही. छापील नमुन्यात जे बसत नाही ते ‘शेरा’ या रकान्यात जाते, आणि कित्येकदा साऱ्या प्रकरणाची किल्ली त्या शेऱ्यातच असते. शेरा वाचायचा राहिला की उतारा चुकला.

१६/
शेरा वाचायचा राहू नये म्हणून डिस्कच्या दर्शनी नोंदीत एक खूण ठेवली गेली : ‘येथे मोठ्या फाइली आहेत.’ डिस्कवर पहिली मोठी फाइल तयार झाली की ही खूण उमटते. ती न समजणारे जुने कर्नेल अशी डिस्क केवळ वाचण्यासाठी उघडू शकते, लिहिण्यासाठी नाही. बघा, पण हात लावू नका. अभिलेखागारातील तक्त्यावर हेच लिहिलेले असते.

१७/
आता जालन्याकडे पुन्हा. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्याचे तालुके आणि परभणीचा परतूर मिळून हा जिल्हा झाला. त्यापूर्वी १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील उपोषणानंतर राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातील जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधणे हे तिचे काम. खासरा पत्रके, पाहणीपत्रके, कोतवाल बुके, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे यांचे गठ्ठे सुटू लागले. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली.

१८/
ऑक्टोबरअखेर सरकारने सांगितलेले आकडे असे : पावणेदोन कोटींच्या आसपास नोंदी तपासल्या, साडेअकरा हजारांच्या आसपास कुणबी नोंदी मिळाल्या. मूळ मागणी योग्य की अयोग्य हा या लेखाचा विषय नव्हे. येथे पाहायचे ते प्रमाण : सरासरी दीड हजार नोंदी चाळल्यावर एक. ज्या घराला ती एक ओळ मिळाली त्याच्या दृष्टीने उरलेल्या सगळ्या ओळी निरर्थक, आणि ती एक गळाली तर सगळा खटाटोप निरर्थक. सापडलेल्या नोंदींच्या प्रती संगणकीय रूपात जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. म्हणजे बस्ता फाइलमध्ये शिरला.

१९/
एका पानाचे वजन किती? ए-४ आकाराचे पान दर इंचाला ३०० ठिपके या मापाने रंगीत टिपले तर २४८० × ३५०८ ठिपके होतात, प्रत्येकाला ३ बाइट. म्हणजे सुमारे २.६१ कोटी बाइट. दाबून लहान करता येते. पण विटलेली शाई, निळ्या पेन्सिलीची खूण, शिक्क्याचा पुसट रंग दाबताना जाण्याची भीती असते, म्हणून अभिलेखाची मूळ प्रत न दाबता किंवा काही न गमावता दाबून ठेवावी असा संकेत आहे. या हिशेबाने २ जीबीच्या भिंतीआड किती पाने मावतात? ८२. एका गावाचे एक रजिस्टरही पुरे होत नाही.

२०/
निव्वळ काळ्या-पांढऱ्यात टिपले तर १,९७४ पाने. केवळ कल्पना म्हणून समजा, जिल्ह्यातील आठही तालुक्यांची पाने कोणी वर्णक्रमाने एकाच फाइलमध्ये ओवली : अंबड, घनसावंगी, जाफराबाद, जालना, परतूर, बदनापूर, भोकरदन, मंठा. भिंत लागली आणि आज्ञावली गप्प राहिली, तर अंबड वाचेल आणि मंठा जाईल. कोण गळणार हे कोणी ठरवलेले नसेल. बाराखडीने ठरवलेले असेल. समिटने नकाराचा आग्रह का धरला, ते मंठ्याच्या बाजूने पाहिले की लगेच कळते.

२१/
भिंत केवळ कर्नेलमध्ये नसते. टिफ हा स्कॅनिंगमधला जुना, विश्वासाचा प्रकार. त्याच्या आत पत्ते ३२ बिटांचे, म्हणून मर्यादा ४ जीबी. पीडीएफचे प्रकरण अधिक रंजक. तिच्या शेवटी आतील प्रत्येक घटक कोठे सुरू होतो याची यादी असते, आणि मूळ रचनेत त्या आकड्याला मोजून दहा दशमान घरे दिलेली. म्हणून मर्यादा सुमारे १० जीबी. आडत दुकानातील ती छापील खातेवहीच ही. २००३ मधील पीडीएफच्या १.५ आवृत्तीत यादी लिहिण्याचा दुसरा मार्ग आला आणि हे बंधन सुटले.

२२/
कर्नेलच्या आतही एका भिंतीमागे दुसरी होतीच. नोव्हेंबर २००१ मध्ये मुख्य लिनक्समध्ये आलेल्या एक्स्ट-३ चे उदाहरण बोलके आहे. ४ केबीच्या तुकड्यांनी पत्त्यांची उतरंड मोजली तर एक फाइल ४ टीबीपेक्षा थोडी मोठी होऊ शकते. प्रत्यक्षात मर्यादा २ टीबी. का? कारण आयनोडमध्ये ‘या फाइलने किती जागा व्यापली’ असा आणखी एक ३२ बिटांचा रकाना आहे आणि तो ५१२ बाइटांच्या मापाने मोजतो. लांबी लिहिता येते, पत्ते लिहिता येतात; व्यापलेली जागा लिहिता येत नाही. सर्वांत अरुंद रकाना राज्य करतो.

२३/
पूर्ण फाइल सिस्टीमची मर्यादा १६ टीबी, कारण तुकड्यांचे क्रमांक ३२ बिटांचे. वरच्या मापाची १ कोटी पाने ठेवायची तर अशा १५ फाइल सिस्टीम लागतील. आणि २.४ कर्नेल ३२ बिटांच्या यंत्रावर असेल तर एका डिस्कवर २ टीबीच्या आसपासच थांबावे लागे, कारण डिस्कवरील खणांचे क्रमांकही ३२ बिटांत मोजले जात. डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीत ते क्रमांक ६४ बिटांचे करण्याची सोय झाली. भिंती अशाच पडत गेल्या : ज्याला जी टोचली, त्याने ती पाडली.

२४/
२००६ मध्ये मोठी दुरुस्ती एक्स्ट-३ मध्येच करावी असा प्रस्ताव आला तेव्हा टोरवाल्ड्स यांच्यासह अनेकांनी हरकत घेतली. चालू घराच्या भिंती राहत्या माणसांसह हलवू नयेत, असा एकूण सूर. जूनमध्ये ठरले की निराळी शाखा काढायची : एक्स्ट-४. थिओडोर त्सो तिचा प्रमुख. आयबीएम, बुल, रेड हॅट, क्लस्टर फाइल सिस्टीम्स अशा अनेक ठिकाणची माणसे त्यात होती, आणि आयबीएमच्या भारतातील अभियंत्यांची नावेही त्या कामात सापडतात. या विषयाशी महाराष्ट्राचे नाते त्याआधीचे : फाइल सिस्टीमसाठी ख्यात असलेल्या व्हेरिटास कंपनीचे संशोधन केंद्र नव्वदच्या दशकातच पुण्यात होते. आपल्याकडे या कामाचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. पानिपतावर मात्र दर आठवड्याला नवा व्हिडिओ येतो.

२५/
एक्स्ट-४ ने तुकड्यांचे क्रमांक ४८ बिटांचे केले. फाइल सिस्टीमची मर्यादा १६ टीबीवरून १ ईबी झाली. १ ईबी म्हणजे दहा लाखांहून अधिक टीबी. एका फाइलची मर्यादा १६ टीबी. व्यापलेल्या जागेचा तो अरुंद रकानाही ४८ बिटांचा झाला. पत्त्यांची जुनी उतरंड जाऊन ‘एक्स्टेंट’ आले : प्रत्येक तुकड्याचा पत्ता लिहिण्याऐवजी ‘येथून पुढे सलग इतके’ असे लिहायचे. एका नोंदीत १२८ एमबीपर्यंतचा सलग पट्टा बसतो. सर्व्हे नंबर एकेक न लिहिता ‘१२ ते ४०’ असे लिहिण्यासारखे.

२६/
डिसेंबर २००८ च्या २.६.२८ आवृत्तीत एक्स्ट-४ पक्की म्हणून जाहीर झाली. म्हणजे दुसऱ्या दिवसापासून लोक १६ टीबीहून मोठ्या फाइल सिस्टीम बनवू लागले का? नाही. कर्नेलला ते कळत होते. पण डिस्क आखून देणारी आणि बिघाड तपासणारी अवजारे जुन्याच आकड्यांची होती. ती मोठ्या आकाराला सरावली नोव्हेंबर २०११ मधील १.४२ आवृत्तीत. जवळजवळ तीन वर्षे कायदा झालेला आणि नियम निघालेले नाहीत, अशी स्थिती होती. सरकारी कामकाज जवळून पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

२७/
एका गोष्टीचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. एवढी सगळी ठिगळे चालू असताना सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची ‘एक्सएफएस’ १९९४ पासूनच ६४ बिटांची होती. चित्रपट आणि विज्ञान यांच्यासाठी यंत्रे बनवणाऱ्या कंपनीला मोठ्या फाइलींची अडचण आधी जाणवली, म्हणून तिने पाया रुंद घातला. पुढे ती लिनक्समध्ये आली. एक्स्ट-४ टिकून आहे ती अधिक दूरदर्शी होती म्हणून नव्हे. जुनी डिस्क घेऊन येणाऱ्याला तिने दारातून परत पाठवले नाही म्हणून. टीकाकारांना तिची ठिगळे दिसतात, पण त्या ठिगळांमुळेच लोकांचे कागद वाचत राहिले.

२८/
मग कर्नेलची अखेरची भिंत कोणती? फाइलमधील ठिकाण आज ६४ बिटांत लिहिले जाते, चिन्हाचा एक बिट वजा. आकडा असा : ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ बाइट, म्हणजे ८ ईबीला एक बाइट कमी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं, दश, शत असे करत अठरा स्थानांची नावे दिली आहेत, अखेरचे नाव परार्ध, एकावर सतरा शून्ये. लिनक्सची मर्यादा ९२ परार्ध भरते. आचार्यांची यादी संपते, आणि फाइल त्यापुढेही चालत राहते.

२९/
तेवढी मोठी फाइल जालन्यात काय, कोठेही कोणी बनवणार नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. १६ एमबीच्या वेळीही तसे वाटले असणार. तूर्तास दुसरीच एक भिंत अधिक जवळ आहे. ३१ बिटांचा तोच आकडा, २,१४,७४,८३,६४७, युनिक्सने वेळ मोजण्यासाठीही वापरला : १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. तो भरतो १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी.

३०/
२०२० मधील ५.६ आवृत्तीपासून कर्नेल ३२ बिटांच्या यंत्रांवरही ही रेषा ओलांडू शकते. एक्स्ट-४ चा आयनोड २५६ बाइटांचा असेल तर तारखा २४४६ पर्यंत लिहिता येतात. परंतु जुन्या, १२८ बाइटांच्या आयनोडच्या डिस्कवर तारखेचा रकाना तेवढाच आहे, आणि अशा डिस्का व जुनी कर्नेले कचेऱ्यांच्या कपाटांत अजून चालू स्थितीत आढळतात. तिथे त्या सकाळी ८:४४:०८ ला जतन केलेल्या फाइलीवर जुने कर्नेल उणे आकड्याची तारीख लिहील : १४ डिसेंबर १९०१, पहाटे २ वाजून १५ मिनिटे ५२ सेकंद. त्या पहाटे जालन्यावर सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे राज्य होते.